राग आला की भडंग, वाईट वाटलं की मऊ भात – तुमचंही असं होतं का?

मोगरा:

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मी ४१ वर्षांची, कोल्हापूरला असते, बँकेत नोकरी. घरी नवरा, १३ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. गेल्या दीड वर्षात माझं ७ किलो वजन वाढलंय आणि ते जेवणाने वाढलेलं नाही हे मला पक्कं माहितीये कारण जेवण माझं मोजकंच असतं, दोन चपात्या, भाजी, आमटी, भात तर बंदच केलाय. वाढलंय ते मधल्या खाण्याने, आणि तेव्हा मला भूक नसते हे खाताना पण कळत असतं, तरी हात थांबत नाही.

दीड वर्षापूर्वी वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. ते भावाकडे सांगलीला असतात. दर रविवारी रात्री भावाचा फोन येतो, औषधं, फिजिओथेरपीचा खर्च, रात्रपाळीला माणूस मिळत नाही, आणि शेवटी "तुला काय, तू लांब आहेस". जेमतेम ५० किलोमीटर आहे सांगली. मी काही बोलत नाही, हो हो म्हणते, फोन ठेवला की सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहते आणि डब्यातलं भडंग खाते. बसून नाही, ताटलीत घेऊन नाही, डब्यातूनच मूठ मूठ. एका रविवारी पाव किलोचा पुडा संपला तेव्हा मात्र घाबरले.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली म्हणून हा धागा काढतेय. राग आला असेल तर मला कुरकुरीतच लागतं, भडंग, शेव, चकली, दाताखाली वाजणारं काहीतरी. पण ज्या दिवशी वडिलांना भेटून येते, त्यांना चमच्याने भरवून येते, त्या दिवशी भडंगाकडे बघवत पण नाही, त्या दिवशी मला गुरगुट्या भात लागतो, वर तूप आणि मीठ, मग भात बंद असला तरी करते. आणि मन खूश असलं की मी चक्क कोशिंबीर वगैरे करून, ताट वाढून घेऊन, टेबलाशी बसून जेवते. म्हणजे प्रत्येक मूडचं खाणं वेगळं.

नवऱ्याचं बरोबर उलटं. त्याचं शिरोलीला छोटं मशीन शॉप आहे, मध्ये ऑर्डरी थांबल्या होत्या तेव्हा तीन आठवडे तो नुसता चहावर होता, ताट समोर ठेवलं तरी चार घास खाऊन उठायचा, "जात नाही" म्हणायचा. ४ किलो उतरला. टेन्शन दोघांनाही, घर एकच, मग माझं खाणं वाढतं आणि त्याचं बंद होतं हे कसं काय?

आणि खरी काळजी वेगळीच आहे. परवा मुलीला मार्कांवरून बोलले. ती काही न बोलता उठली आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेऊन खोलीत गेली. मला एकदम माझाच हात दिसला त्या डब्यात. लहानपणी ती पडली रडली की मीच "रडू नको, हे घे चॉकलेट" केलेलं आहे.

डाएट प्लॅन सांगू नका प्लीज, तो माझ्याकडे आहे. तुमचं काय होतं आणि तुम्ही काय करता ते सांगा.

शिंपला:

मोगरा, मी आयुर्वेद कॉलेजात क्रियाशारीर, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं तो विषय, शिकवते, त्यामुळे थोडं लांबलचक होईल.

तुझ्या घरात दिसतंय ते दोन्ही शरीराच्या नियमातच बसतं. अचानक धक्का बसला, भीती वाटली की अॅड्रेनलिन वाढतं, शरीर पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, जठराचं काम मंदावतं, तोंडाला कोरड पडते. अशा वेळी घास तोंडात नुसता फिरत राहतो. "अन्न जात नाही" म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. पण ताण महिनोन्महिने चालला की कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन काम करतं, त्याने भूक वाढते, आणि ती भाजीभाकरीची भूक नसते, गोड आणि तेलकट-तुपकटाची असते. यातही माणसामाणसात फरक आहे, काहींची भूक लांबलेल्या ताणातही मेलेलीच राहते, तुझ्या नवऱ्यासारखी.

नेदरलँड्समध्ये १९८६ साली खाण्याच्या सवयींची एक प्रश्नावली तयार झाली, ती अजून वापरतात. तिच्यात तीन तऱ्हा मोजतात, भावनेच्या भरात खाणं, समोर दिसलं किंवा वास आला म्हणून खाणं, आणि वजनाच्या धास्तीने स्वतःला सतत आवरणं. आपल्या प्रत्येकात तिन्ही कमीजास्त असतात. यातली आवरणाऱ्यांची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण दिवसभर आवरून धरलेलं मन ताण आला की एकदम सुटतं आणि मग जे सुटतं ते साध्या जेवणावर नाही सुटत. तू "जेवण मोजकंच" आणि "भात बंद" लिहिलंस ना, तिथेच मला शंका आली. बँकेत दुपारी किती वाजता जेवतेस आणि घरी येईपर्यंत काही खातेस का?

चरकसंहितेत विमानस्थान नावाच्या भागात सांगितलंय की पथ्याचं अन्न योग्य मात्रेत खाल्लं तरी चिंता, शोक, भय, क्रोध, त्रासदायक अंथरूण आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. मी दरवर्षी हे शिकवते आणि दरवर्षी जागरणापाशी थांबते, कारण मुलांना वाटतं झोपेचा काय संबंध. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला होता, दोन रात्री फक्त ४-४ तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भुकेचं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. १२ जण म्हणजे छोटाच प्रयोग, पण दोनच रात्रींत इतका फरक! भावाचा फोन रविवारी रात्री येतो म्हणजे त्या रात्री तुझी झोप होत नसणार आणि सोमवारी बँक. सोमवारचं खाणं कसं असतं ते एकदा बघ.

अभ्यासिका_टेबल_१७:

ताई, मी पुण्यात सदाशिव पेठेत असतो, एमपीएससी करतोय, हे चौथं वर्ष. मूळ गाव हिंगोली जिल्ह्यात.

आमच्या रूमवर चौघं आहेत आणि पूर्वपरीक्षेच्या निकालाच्या दिवशी चौघांचं खाणं चार तऱ्हेचं असतं. एक जण सकाळपासून काहीच खात नाही. एक जण सारखा खाली जाऊन चहा घेतो, दहा-दहा कप. मी झोपतो, उठलो की मग काहीही खातो. गेल्या वेळी दीड मार्काने गेलं तेव्हा मेसचा डबा उघडला पण नाही, रात्री अकराला भूक लागली तेव्हा गाडीवर तीन वडापाव खाल्ले, आणि खरं सांगू का ताई, मला वडापाव नको होता. मला आईच्या हातचे धपाटे आणि दही पाहिजे होतं. पण ते शेकडो किलोमीटरवर आणि वडापाव कोपऱ्यावर. मूड कितीही काही मागू दे, शेवटी खिशात किती आणि रात्री उघडं काय यावरच ठरतं. म्हणून मला वाटतं तुमचा तो भडंगाचा डबा ओट्याशेजारी हाताशी आहे हेही एक कारण असेल, तो माळ्यावर असता तर?

कुरकुरीतबद्दल एक. राग आला की मी दात आवळतो, सकाळी जबडा दुखतो कधी कधी. तेव्हा खारे दाणे, फुटाणे असं काहीतरी चावलं की जरा मोकळं वाटतं. तुमचं पण तसंच असेल, फोनवर जे बोलायचं ते तोंडातच राहतं ना.

आणि वडील रोज रात्री फोन करतात, पहिला प्रश्न "जेवलास का". नसलो जेवलो तरी हो म्हणतो. त्यांना अभ्यास कसा चाललाय विचारायचं असतं पण ते विचारत नाहीत, जेवणाचंच विचारतात.

मोगरा:

@अभ्यासिका, "जे बोलायचं ते तोंडातच राहतं" हे वाचून मी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवला. खरंच तसंच आहे रे. आणि अधूनमधून वडिलांना खरं सांगत जा, नाही जेवलो म्हणून.

@शिंपला, दुपारी दीडला डबा खाते, मग थेट रात्री नऊला जेवण. मधे चहा फक्त.

ध्रुवतारा:

मी स्टॉकहोमला असतो, सहा वर्षं झाली. इथे डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड असतो, दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मला काय झालं कळेना, सकाळी उठवेना आणि खायला फक्त पाव, बटाटा, केक, गोड. मी कोकणातला माणूस, दोन वेळा मासे-भात खाणारा, गोडाकडे कधी फारसं बघितलं नव्हतं. नोव्हेंबर ते मार्च ९ किलो वजन वाढलं आणि उन्हाळ्यात आपोआप निम्मं उतरलं. दुसऱ्या वर्षी परत तेच, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं की उजेड कमी झाला की येणारी ही उदासी १९८४ पासून नाव देऊन ओळखतात, आणि जास्त झोप, स्टार्च आणि गोडाची ओढ ही तिची लक्षणंच आहेत, हिवाळ्यात येते वसंतात जाते. मी तोवर स्वतःला आळशी आणि खादाड समजत होतो. सकाळी अर्धा तास दिव्यासमोर बसायला सांगितलं, तेजस्वी पांढरा दिवा असतो तो, आणि दुपारच्या सुट्टीत कितीही थंडी असली तरी बाहेर चालायला. केकची ओढ पूर्ण नाही गेली पण अर्ध्यावर आली.

हे सांगायचं कारण, मूडमुळे खाणं बदलतं तसं मूड कशामुळे बदलला तेही बघायला पाहिजे, माझ्या बाबतीत ते शेवटी उन्हावर येऊन थांबलं. आणि एक, ज्या दिवशी घरची आठवण जास्त येते त्या दिवशी सोलकढीच लागते. आमसुलं बॅगेतून आणतो. नारळाचं दूध डब्यातलं, तरी पहिल्या घोटाला डोळे भरतात.

ठोकताळा:

मला थोडं वेगळं म्हणायचंय. "वाईट वाटलं की आवडीचं खा, बरं वाटतं" हे आपण सगळे गृहीत धरतो पण ते तितकंसं खरं नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये हेच तपासलं होतं. लोकांना आधी विचारून ठेवलं की मन खराब असताना तुम्हाला काय खाल्लं की बरं वाटतं, मग मन खराब करणारे सिनेमांचे तुकडे दाखवले, आणि नंतर कुणाला त्याचा तो आवडीचा पदार्थ दिला, कुणाला दुसरा काहीतरी, कुणाला काहीच नाही. मूड सगळ्यांचाच सुधारला, काही न खाणाऱ्यांचासुद्धा. म्हणजे वेळ जातो तसं मन आपोआप वर येत असतं, आणि नेमकं तेव्हा तोंडात चॉकलेट असतं म्हणून श्रेय चॉकलेटला जातं.

हे वाचल्यापासून मी एकच करतो. खावंसं वाटलं की वीस मिनिटं थांबतो. नाही म्हणत नाही, थांबतो. गच्चीवर जातो, झाडांना पाणी घालतो. वीस मिनिटांनी भूक असेल तर बसून नीट खातो. निम्म्या वेळा लागत नाही.

शिंपला:

@ठोकताळा, वीस मिनिटांचं मीही सांगते सगळ्यांना. पण तो प्रयोग सिनेमा बघून आलेल्या वाईट वाटण्याचा आहे, ते तसंही लवकर उतरतं. बापाला भरवून आलेल्या बाईचं वाईट वाटणं वीस मिनिटांत उतरणार नाही, आणि तिने तेव्हा मऊ भात खाल्ला तर खाऊ दे तिला. मला भाताची काळजी नाहीच, तो ती करून घेऊन, बसून, चवीने खाते. काळजी त्या उभ्याने खाल्लेल्या भडंगाची आहे.

दवबिंदू:

मी हे कुठेच लिहिलेलं नाही आतापर्यंत.

मोगराताई, तुमचं त्या टोकाला गेलेलं नाही, पण माझं गेलं होतं म्हणून लिहितेय. घटस्फोटाच्या केसच्या काळात मी रात्री सगळे झोपले की खायचे. ब्रेडचा अख्खा पुडा, जॅम, मुलांचे लाडू, पोट दुखेपर्यंत, आणि मग रिकाम्या पिशव्या ऑफिसच्या बॅगेत घालून बाहेर टाकायचे म्हणजे आईला कचऱ्यात दिसायला नकोत. आठवड्यातून तीन-चार वेळा, सात-आठ महिने. प्रत्येक वेळी ठरवायचे उद्यापासून उपास, आणि उपासाच्या रात्रीच सगळ्यात जास्त खाल्लं जायचं. शिंपलाताई म्हणतात ते आवरणं आणि सुटणं मी जगलेय.

शेवटी थायरॉइडसाठी गेलेल्या डॉक्टरबाईंनीच ओळखलं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. मनात नसताना, थांबवता न येता, थोड्या वेळात खूप खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, हे वारंवार होत असेल तर तो आजार आहे, बिंज इटिंग म्हणतात, मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. इच्छाशक्ती कमी पडते वगैरे काही नाही. मला बोलून करायच्या थेरपीचा उपयोग झाला, आणि पहिलं पथ्य काय होतं माहितीये का, उपास बंद, तीन वेळा जेवायचं आणि दोनदा मधलं खाणं, वेळेवर. मला वाटलं या बाईंचं काहीतरी चुकतंय. पण खरंच तिथून फरक पडायला लागला.

ज्यांना जवळ कुणी नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री दीड वाजता केला होता फोन.

मोगरा:

@दवबिंदू, इतकं मन उघडं करून लिहिलंस, मला तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटलं. नंबर लिहून ठेवला.

पारावरचा:

मी ६६, वाईला असतो, शाळेतून निवृत्त. मंडळी गेल्याला तीन वर्षं झाली. तुम्हा सगळ्यांचं वाचलं, माझंही सांगतो.

त्या दिवशी स्मशानातून आल्यावर कडुनिंबाचा पाला तोंडात घातला, आमच्याकडे रीत आहे तशी. घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात आला. मला अन्नाचा वाससुद्धा नको होता, पण शेजारच्या वहिनी समोर बसून राहिल्या, बोलल्या काही नाहीत, ताट फक्त पुढे सरकवलं. दहा दिवस असंच कुणाकुणाकडून साधं फिकं येत राहिलं आणि तेराव्याला गोडाचं जेवण झालं. तेव्हा मला फार राग आला होता, माझी बायको गेली आणि पंगतीला बुंदी कसली वाढता. आता वाटतं त्या रीती ज्यांनी घातल्या त्यांना माणूस दुःखात काय खाऊ शकतो याची चांगली समज होती. आधी कडू, मग फिकं, आणि गोड अगदी शेवटी. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पहिले दिवस स्वतःचं रांधायचं नाही, दुसऱ्याने आणून द्यायचं आणि समोर बसायचं.

खरी अडचण तेरा दिवसांनंतर आली. पाहुणे गेले. मी स्वयंपाक शिकलो नव्हतो. चार महिने बेकरीचे टोस्ट आणि चहा, रात्री दूध. भूक लागायची पण एकट्यापुरता कुकर लावायचा म्हटलं की नको व्हायचं. मुलगी पुण्याहून येऊन बघून गेली, वजन ५१ वर आलं होतं. तिने डबा लावून दिला, तो चांगला होता तरी मी अर्धा टाकायचो. मग एका पावसाळ्यात ताप आला, आणि तापात मला मऊ भात आणि मेतकूट खावंसं वाटलं, ही करायची तसं. कुणाला सांगायचं? उठलो आणि केला. पाणी जास्त झालं, खाली लागला. पण दोन वाट्या खाल्ला. पहिल्यांदा काहीतरी चवीने खाल्लं त्या दिवशी. तेव्हापासून रोज एक वेळ मी स्वतः करतो, आता आमटीसुद्धा जमते.

मोगरा, तुम्ही वडिलांना भरवून येता आणि मग मऊ भात खाता. वडिलांनाही तोच भरवत असाल ना?

मोगरा:

पारावरचे काका, हो. सांगलीला त्यांना मऊ भातच देतात, दुसरं गिळता येत नाही नीट. मी तेच घरी येऊन खातेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचा प्रश्न वाचला आणि सासूबाईंसमोरच रडू आलं.

नऊ दिवस झाले, तोवर काय केलं ते लिहिते. शिंपला खाणं कसं असतं ते बघ म्हणाली म्हणून वहीत लिहायला लागले, खाण्याच्या आधी फक्त एक शब्द, भूक का राग का कंटाळा का काय ते. अकरा वेळा मधलं खाणं झालं. त्यातली पाच वेळा भूकच होती, खरी भूक! दीडनंतर नऊपर्यंत पोटात काही नाही तर दुसरं काय होणार, आणि मी इतके महिने स्वतःला दोष देत होते. आता पाचला बँकेत गूळ-शेंगदाणे नाहीतर केळं खाते, आणि भात परत सुरू केलाय. चार वेळा फोननंतर किंवा भांडणानंतर. दोन वेळा काय ते कळलंच नाही, वहीत नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

रविवारची वाट न बघता बुधवारी दुपारी मीच भावाला फोन केला. रात्रपाळीच्या माणसाचे पैसे मी देणार आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार मी तिथे राहणार असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तू जेवलीस का?" @अभ्यासिका, तुझ्या वडिलांची आठवण झाली बघ. या रविवारी फोन आला तेव्हा मी हॉलमध्ये बसून बोलले, नंतर थोडं भडंग खाल्लं, पण वाटीत घेऊन, कांदा-कोथिंबीर घालून, मुलीबरोबर. तिला मी माझं सगळं सांगितलं, डब्याचं सुद्धा. ती म्हणाली, "मला माहितीये, आवाज येतो."

नवऱ्याला अजून वहीबद्दल सांगितलेलं नाही. पण त्याचं परत "जात नाही" झालं तर मी काकांच्या शेजारच्या वहिनींसारखी नुसती समोर बसून राहणार, जेव जेव करून मागे लागणार नाही.

काका, मेतकुटाचं प्रमाण सांगाल का? आमच्याकडे विकतचं येतं, वडिलांना घरचं करून न्यावं म्हणते.

पारावरचा:

सांगतो की. हरभऱ्याची डाळ १ वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडदाची डाळ अर्धी, गहू पाव वाटी. चमचाभर धणे, चमचाभर जिरं, अर्धा चमचा मोहरी, मेथीचे दाणे पाव चमचाच, जास्त झाले की कडू होतं. हळद, हिंग, सुंठ. सगळं वेगवेगळं भाजायचं, तेल नाही, मंद गॅसवर, डाळ तांबूस झाली पाहिजे. गार झाल्यावर मिक्सरला बारीक करून चाळून घ्या. वडिलांना द्यायचंय तर लाल तिखट घालूच नका, आणि भातावर कोरडं भुरभुरवू नका, ठसका लागेल, ताकात नाहीतर तुपात कालवून मग भातात मिसळा. तरी आधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.